‘दार’ नावाचं प्रकरण

बावीस वर्षं मी रेल्वे स्थानकावर घोषणा करत होते. कुठली गाडी किती उशिरा आणि कुठल्या फलाटावर येणार, ते लोकांना सांगायचं. उशीर करायचा गाडीने आणि शिव्या खायच्या मी. नोकरी संपल्यावर अंधांच्या ग्रंथालयात पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम मिळालं, तेव्हा ताई म्हणाली, "बरं झालं. आता निदान तुझा आवाज ऐकून लोक बॅगा घेऊन धावत सुटणार नाहीत."

ग्रंथालय एका जुन्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. ध्वनिमुद्रणाची खोली आठ फूट बाय सहा. भिंतींना करडा स्पंज, एक टेबल, मायक्रोफोन, आणि वाचायला संगणकाचा पडदा, कारण कागद सळसळतो. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात. माझ्या पोटात गुरगुरलं तरी तो हात वर करून थांबवतो आणि म्हणतो, "मॅडम, आधी दोन घास खाऊन घ्या. पोटाचं नाव श्रेयनामावलीत नाही."

दर गुरुवारी आम्ही ऐकणाऱ्यांना फोन करतो. पुस्तकाचं मेमरी कार्ड पाठवून महिना झाला की अभिप्राय विचारायचे आणि वहीत उतरवून ठेवायचे, अशी पद्धत आहे. आमचे ऐकणारे कडक. जांभई गिळून वाचलेलं वाक्य ते नेमकं पकडतात. मी पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी एवढंच सांगितलं होतं, "आणखी काही करा, पण त्यांना फसवू नका. त्यांच्याकडे आपल्या शब्दाखेरीज काही नसतं."

सगळ्यात जास्त मागणी ‘टिटवी’ला. टिटवी हे एका अंतराळयानाचं नाव. तेरा माणसं, एक म्हातारं यान, एक हट्टी कप्तान बाई, आणि दर भागात नवं संकट. सहा भाग मी वाचले होते. अभिप्रायांच्या वहीची निम्मी पानं त्यांनीच भरली होती. ‘चौथ्या भागात स्वयंपाकी विनाकारण मारला.’ ‘कप्तानाला सर्दी झाल्यासारखी वाटते, की वाचणाऱ्या बाईंनाच झाली होती?’ ‘पाचवा भाग लांबला. लेखकाला पानावर पैसे मिळत असावेत.’ मला ही वही आवडायची. स्थानकावर बावीस वर्षं बोलले, पण कसं बोलते ते एकानेही सांगितलं नव्हतं.

सातवा भाग वाचायला घेतला. अर्ध्याच्या थोडं पुढे एक प्रकरण होतं, नाव ‘दार’. यंत्रज्ञ यानाच्या बाहेर दुरुस्तीला जातो. तेवढ्यात आतली हवा गळू लागते. दार उघडलं तर उरलेली हवाही जाईल, म्हणून कप्तान ते उघडत नाही. यंत्रज्ञ बाहेरून ठोकत राहतो. कप्तान दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून ते ऐकते. अकरा मिनिटांनी ठोकणं थांबतं.

ते मी वाचलं नाही.

त्या दिवशी कानसेन रजेवर होता. यंत्र चालू-बंद करायचं त्याने मला शिकवलं होतं. मी आधीचं प्रकरण संपवलं, ‘दार’ सोडून दिलं आणि त्याच्या पुढचं सुरू केलं. सांधा कळू नये म्हणून एक वाक्य पदरचं घातलं, ‘यंत्रज्ञ बाहेर गेला तो परत आला नाही.’ घसा बसला होता, असं मी स्वतःला सांगितलं. कुणाच्या लक्षात येणार होतं? पुस्तक नवं होतं, ब्रेलमध्ये आलेलं नव्हतं.

महिन्याने गुरुवार आला. पहिला फोन लावला तो टेलिफोनच्या आजींना. त्या आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि अजूनही "हॅलो" असं म्हणतात, की आपणच चुकीचा नंबर लावलाय असं वाटतं.

"सातवा भाग ना? लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "सुरुवात रटाळ. मधला भाग ठीक. पण ‘दार’ प्रकरण तुम्ही आजवर वाचलेल्या सगळ्यात उत्तम."

माझं पेन थांबलं. "कुठलं प्रकरण म्हणालात?"

"‘दार’. तो बिचारा ठोकत राहतो ते. मी पंखा बंद करून ऐकलं. शेवटी अगदी हायसं वाटलं मला."

"तुम्हाला ते कुणी वाचून दाखवलं, आजी?"

"तुम्हीच की," त्या म्हणाल्या. "असं काय करता?"

मी वहीत लिहिलं, ‘दार, उत्तम.’ त्यांची भाची छापील प्रत घेऊन आली असेल, तिने वाचून दाखवलं असेल आणि आजींच्या मनात आवाजांची सरमिसळ झाली असेल. ऐंशी उलटलेल्या बाई. अशक्य काहीच नव्हतं. हायसं वाटावं असं मात्र त्या प्रकरणात काही नव्हतं.

दुसरा फोन व्हायोलिनवाल्यांचा. ते वाद्यं दुरुस्त करतात आणि कौतुक करतानाही तक्रारीच्या सुरात करतात.

"‘दार’मध्ये तुम्ही आवाज वापरलात," ते म्हणाले. "आजवर कधी वापरले नव्हते. आधी मला राग आला. पण छान जमलंय. लोखंडी नळीवर स्टीलचा चमचा आहे ना तो? तीन ठोके, मग थांबून एक. माणूस डावखुरा दिसतो, किंवा उजवा हात चालत नसावा. चौथा ठोका दरवेळी घसरतो."

वहीत मी ‘चमचा’ एवढंच लिहिलं.

"बरोबर ओळखलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिसरी कायद्याची विद्यार्थिनी. ती अभिप्राय मुद्देसूद देते. "प्रकरण आवडलं, पण एक खटकलं," ती म्हणाली. "कप्तान दाराशी येते तेव्हा ती अनवाणी आहे आणि तिच्या पायाखाली एक फरशी हलते. दोनदा वाजते. अंतराळयानात सुटलेली फरशी कशी असेल? आणि शेजारी कुणीतरी भांडी लावतंय. ते बहुधा तुमच्या इमारतीतलं चुकून आलं असावं."

आमच्या इमारतीत कुणी राहत नाही. सगळी कार्यालयं आहेत.

त्या गुरुवारी मी एकोणीस फोन केले. सतरा जणांनी ‘दार’चं नाव घेतलं. उरलेल्या दोघांनी पुस्तक अजून उघडलेलं नव्हतं.

मला इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

बाबांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तीन वर्षं ते मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर होते. डाव्या हातात स्टीलचा चमचा असायचा. काही हवं असलं की खाटेच्या कठड्यावर वाजवायचे. तीन ठोके, जरा थांबून एक. पाण्यासाठी, पडदा ओढण्यासाठी, आणि बऱ्याचदा कशासाठीच नाही, कुणी येतंय का ते बघण्यासाठी. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी. घरात मी एकटी, वर स्थानकाच्या पाळ्या.

एका दुपारी मी लागोपाठ दोन पाळ्या करून आले. बाबांना भरवलं, कूस बदलून दिली, दार ओढून घेतलं. अंग टाकणार तेवढ्यात चमचा वाजला. मी उठले आणि अनवाणी त्यांच्या दाराशी गेले. तिथली एक फरशी निघालेली होती. कडीवर हात ठेवला. आत्ताच तर सगळं केलं होतं. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं पडते आणि मग येते, असं मनात म्हणाले. पण पडायलाही गेले नाही. तिथेच उभी राहून ऐकत राहिले. शेजारी कुणीतरी भांडी लावत होतं. मग चमचा थांबला आणि मला बरं वाटलं. वाटलं, झोपले. मी जाऊन झोपले. चार वाजता आत गेले.

ताईला फोनवर सांगितलं, "झोपेत गेले गं. काही कळलंसुद्धा नाही त्यांना."

"सुटले," ताई म्हणाली आणि रडली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय? दार उघडलं नाही, एवढंच.

शुक्रवारी सकाळी मी कानसेनला म्हटलं, "सातव्या भागाची मूळ प्रत लावा."

त्याने लावली. आम्ही दोघं हेडफोन कानाला लावून बसलो. आधीचं प्रकरण संपलं. माझं पदरचं वाक्य आलं. पुढचं प्रकरण सुरू झालं. मध्ये काही नव्हतं.

कानसेनने बटण दाबलं. बराच वेळ तो पडद्याकडे बघत राहिला.

"तुम्ही ‘दार’ गाळलंय, मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी पुस्तक वाचलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तुम्ही रजेवर होतात तेव्हा तीन-चार जणांचे फोन आले. ‘दार’ काय वाचलंय म्हणाले. मग म्हटलं, आपणच चुकत असू." त्याने खणातून दोन कार्डं काढली. "मी त्यांच्याकडची दोन कार्डं परत मागवून तपासली, मॅडम. हेच आहे त्यांच्यावर. सेकंदाचाही फरक नाही."

"मग ते काय ऐकतायत?"

"ते मला नका विचारू," कानसेन म्हणाला. "मला दिसतं ना. मला कसं ऐकू येणार?"

तो चेष्टा करत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात ताई आली. गेल्या चार वर्षांत साखरेने तिचे डोळे गेले. मीच तिला ग्रंथालयाचं सभासद केलं होतं. ‘टिटवी’चे सगळे भाग तिच्याकडे जातात. सातवाही गेला होता. सुटलेली फरशी, शेजारची भांडी, तो चमचा. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. ताईला पहिल्या ठोक्याला कळलं असतं.

मी तिला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "सातवा ऐकलास का गं?"

"नाही अजून. आधी सहावा पुन्हा ऐकतेय. तुला काय घाई झालीय? परीक्षा घेणार आहेस का माझी?"

"तसं नाही. त्यात जरा चूक राहिलीय. नवीन कार्ड आणून देते, मग ऐक."

"तू आणतेस? म्हणजे येतेस? ये की. तुझ्या चुका झाल्या तरच तुझे पाय लागायचे आमच्या घराला."

सोमवारी मी ‘दार’ वाचलं. छापलंय तसं, शब्दही न बदलता. कानसेन काचेपलीकडे होता. कप्तान दाराशी उभी राहते. यंत्रज्ञ ठोकतो. कप्तान मिनिटं मोजते. ठोकणं थांबतं. ‘तिने दार उघडलं नाही. आता उघडण्याचं कारणही उरलं नव्हतं.’ असं शेवटचं वाक्य होतं. ते वाचताना माझा आवाज हलला नाही. स्थानकावर अपघाताच्या घोषणाही मीच करायचे.

आम्ही लगेच ऐकून पाहिलं. स्वच्छ आलं होतं. माझाच आवाज, बाकी काही नाही. ते जागच्या जागी बसवलं, पदरचं वाक्य काढलं. ग्रंथपालबाईंना सांगितलं की एक प्रकरण नजरचुकीने राहिलं होतं. सगळी जुनी कार्डं परत मागवायची, पुसायची आणि नवीन पाठवायची असं ठरलं. बाईंनी मला शब्दानेही बोल लावला नाही. त्याचंच वाईट वाटलं.

निघताना कानसेन म्हणाला, "उगीच केलं, असं वाटतंय."

"का?"

"लोक खूश होते," तो म्हणाला आणि दिवे बंद करायला गेला.

ताईचं घर तीन तासांवर. बुधवारी सकाळच्या बसने गेले. भावोजी दुकानात होते, संध्याकाळी यायचे. ताईने दार उघडलं, माझ्या पिशवीला हात लावला आणि म्हणाली, "एवढंच सामान? म्हणजे राहणार नाहीस." मग माझे खांदे धरून मला आत नेलं. तिचं घर तिला पाठ आहे. खुर्ची, टेबल, खिडकी, कुठेही हात चाचपडत नाही.

ती स्वयंपाकघरात पानं घेत होती, तेवढ्यात मी तिच्या ऐकायच्या यंत्रातलं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि नवीन बसवलं. दोन सेकंदांचं काम. आतून ताई म्हणाली, "काय करतेस?"

"काही नाही. चष्मा पुसतेय."

जेवताना ती नेहमीसारखी बोलत होती. तू वाळलीस. तू केस रंगवणं सोडलंस असं हे म्हणत होते. तू एकटी काय खातेस, काय करतेस. मी हो-नाही करत होते. जेवणं झाल्यावर ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

"तुझं ते ‘दार’ लाव," ती म्हणाली.

मी दचकले. "नाव कसं माहीत तुला?"

"टेलिफोनच्या आजींचा फोन असतो मला. दर दोन दिवसांनी. त्यांनी सांगितलं. लाव ना."

मी लावलं.

माझा आवाज खोलीत आला. यंत्रज्ञ बाहेर गेला. हवा गळू लागली. दार बंद राहिलं. ताई मान जराशी कलती करून बसली होती. बाहेर ऊन होतं. रस्त्यावरून एक सायकल गेली.

अकरा मिनिटं मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काही उमटलं नाही.

प्रकरण संपलं. तिने अचूक हात नेऊन यंत्र बंद केलं.

"हे बदललंय," ती म्हणाली.

"तू आधीचं ऐकलंस?"

"परवा. राहवलं नाही. तू येईपर्यंत कोण थांबतंय."

"मग?"

"ते चांगलं होतं. त्यात दार उघडलं होतं."

"कप्तानाने?"

"कप्तान कुठली?" ताई म्हणाली. "तू."



"बराच वेळ उभी होतीस," ती सांगू लागली. आवाज शांत, कुणाची खुशाली सांगावी तसा. "ती फरशी वाजली. मग कडी काढलीस. आत गेलीस. बाबांना उठवून बसवलंस. त्यांच्या हातातला चमचा काढून घेतलास. पाणी पाजलंस. ‘आले हो बाबा, इथेच आहे’ म्हणालीस. मी खूप रडले. पण बरं वाटलं."

"ताई," मी म्हणाले. "ताई, तसं झालं नव्हतं."

"मग तू दार लावून घेतलंस. आतून."

"आणि?"

"आणि काय? नंतर तू बाहेर आलीच नाहीस."

खिडकीचा पडदा जरासा हलला.

"पुढची प्रकरणं ऐकली ना मी," ताई म्हणाली. "ती दुसऱ्याच कुणीतरी वाचलीत. आवाज अगदी तुझ्यासारखा. आजींना कळलं नाही, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. पण मी तुला पाळण्यातली ओळखते." तिने यंत्राकडे बोट केलं. "हे आत्ताचंही तिनेच वाचलंय."

"मीच वाचलंय गं. सोमवारी. शपथ."

तिने हात पुढे केला. मी वाकले. तिने माझं कपाळ चाचपलं, भुवया, गाल, हनुवटी. डोळे गेल्यापासून दर भेटीला ती हे करते. या वेळी जास्त वेळ लागला. उजव्या कानामागे लहानपणी पडल्याची माझी खूण आहे. तिथे तिची बोटं थांबली. पुन्हा फिरली. पुन्हा थांबली.

तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

मी तिला हाक मारली. तिने मान वळवली नाही.

थोड्या वेळाने ती उठली. पदर सारखा केला, आणि दारी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा हलक्या, जपून वापरलेल्या आवाजात म्हणाली,

"चहा ठेवते. तुम्ही साखर किती घेता?"